आमचं दुकान सोडून

माझा धाकटा दीर अमरावतीला कॉमर्सच्या वरच्या वर्गात शिकत होता, तेव्हाची ही गोष्ट. महाराष्ट्र होऊन थोडीच वर्षं झाली होती. नांदुऱ्याला आमची कापसाची अडत. शेतकऱ्यानं गाडी भरून आणायची, अडत्यानं माल बाजारात विकून द्यायचा आणि आपली अडत घ्यायची, एवढाच धंदा. पण गाडीवाला काही नुसता माल टाकून जात नसे. तो आमच्याकडेच उतरायचा, आमच्याकडेच जेवायचा. हंगामात ओसरीवर एक पंगत उठली की दुसरी बसायची, आणि भाकरी थापायला मी. कोणाच्या पोरीचं कुठं जमलं, कोणाची म्हैस व्याली, सगळं मला वाढता वाढता कळायचं.

दिवाळीत दीर घरी आला तो डोक्यात प्रबंध घेऊन. प्रबंधाच्या आधी म्हणे आराखडा द्यावा लागतो. मी विचारलं, घर बांधताना काढतात तसा का.

"तसाच समजा वयनी. काय शोधायचं, काऊन शोधायचं, कोनाले विचारायचं अन् कसं विचारायचं, हे आधी लिहून द्या लागते. सर हो म्हनले तं पुढचं काम. नाही म्हनले तं मी घरी."

घरी म्हणजे दुकानाच्या गादीवर. मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, त्याला बजावून ठेवलं होतं की हे वर्ष वाया गेलं तर शिक्षण बस, मोठ्या भावाशेजारी येऊन बसायचं. दिराला गादी नको होती. त्याला कॉलेजात शिकवायचं होतं.

विषय मला लगेच कळला, कारण तो आमच्या ओसरीवरचाच होता. दुसरीकडे भाव बरा मिळत असला, तरी शेतकरी वर्षानुवर्षं एकाच अडत्याकडे का जातो. मी म्हटलं, हे तर बसल्या जागी विचारता येईल. त्यालाही ते पटलं. दुसऱ्याच दिवशी तो कागद घेऊन पंगतीतच बसला. मोताळ्याकडचे एक म्हातारे गाडीवाले वरणात भाकर चुरत होते.

"काका, तुमी आमच्याकडंच काऊन येता?"

"मंग कुठं जाऊ? तुह्या बापावानी मानूस हाये का बजारात?"

त्यांच्या शेजारचा म्हणाला, "भरोसा हाये बापा, दुसरं काय." त्याच्या शेजारचाही तेच म्हणाला. पंगत संपेपर्यंत भरोसाच भरोसा झाला. दीर खूश. आराखडा इंग्रजीत लिहिला आणि आम्हाला मराठीत सांगितला, की शेतकरी भरवशामुळे टिकून राहतो, हे या अभ्यासातून दाखवलं जाईल. मामाजींनी ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. "बराबर लिह्यलं," म्हणाले.

सरांनी तो परत केला. दीर पुढच्या सुटीत आला तेव्हा त्याचं तोंड सुकलेलं होतं.

"सर म्हनले, तू तं उत्तरच घेऊन आला, प्रश्न कुठी हाये? अन् विचारलं कुठं, म्हने. म्या सांगलं, घरी, जेवताना. तं हासले. म्हनले, ज्याची भाकर तोंडात हाये त्याच्यापुढं मानूस दुसरं काय सांगीन?"

मला जरा लागलंच ते. पण भाकरी थापताना मी विचार करू लागले. ते लोक खोटं बोलले नव्हते, भरवसा होताच. पण त्या म्हाताऱ्या काकांचा नातू आमच्याकडे राहून शाळा शिकत होता. दुसऱ्या एकाच्या गावाहून येताना आमचंच दुकान आधी लागायचं. एकाला तर दुसरीकडे काय भाव निघाला हे कधी कळतच नसे, कारण तो आमच्या ओसरीवर झोपायचा. हे सगळं एका शब्दाखाली झाकून गेलं होतं.

दिरानं आराखडा नव्यानं मांडायला घेतला. आता तो आमच्या आणि दुसऱ्या अडत्यांच्याही गाडीवाल्यांच्या गावी जाऊन, त्यांच्या अंगणात विचारणार होता. उत्तर आधी लिहायचं नाही. भरवसा, सोय, भीड, दुसऱ्या भावाची खबर नसणं, यांतलं काहीही निघू शकतं, एवढंच लिहायचं. मामाजी भडकले.

"आपल्याच मानसांच्या गावात जाऊन विचारनार, आमच्यात काय खोट हाये म्हनून?"

मी चहा ठेवत म्हटलं, "खोट नाही शोधत मामाजी. त्याले जे माहीत नाही ते विचारते."

"अन् खोट निंघाली तं?"

दीर आतून म्हणाला, "निंघाली तं लिहा लागंन, बाबा."

असं कोणी त्यांना तोंडावर बोलत नसे. मामाजींनी चहा संपवला, कप पालथा घातला.

"मंग पयले आपल्यापासून सुरू कर. दुसऱ्याचं आधी लिहिलं तं लोक म्हनतीन, बापाले झाकलं."

आता पुढची गंमत ऐका. सरांनी नेमकं तेच खोडलं. म्हणाले, मुलानं बापाच्या दुकानाबद्दल विचारलं तर गावी जाऊनही कोणी मोकळं बोलणार नाही. तेव्हा ते दुकान सोडून दुसरं घे, त्याच्या मालकाची परवानगी मिळव, आणि आपले वडील याच धंद्यात आहेत हे आराखड्यात स्पष्ट लिही.

मामाजींना हे फार झोंबलं. "म्हंजे आपलं दुकान धरायच्या लायकीचं नाही?"

"तसं नाही बाबा."

"मंग कसं?"

मी चुलीकडे तोंड फिरवलं.

पण दुसऱ्या अडत्याची परवानगी आणायची कोणी? समोरच्या दुकानदाराशी मामाजींचं कामापुरतंच बोलणं होतं. दिराला तर त्यांनी उभंही केलं नसतं. जेवण झाल्यावर मामाजींनी टोपी घातली आणि रस्ता ओलांडून गेले. दीर मागोमाग गेला, आणि तिथं काय झालं ते त्यानंच मला सांगितलं.

समोरचे म्हणाले, "तुमच्या दुकानाचं काऊन नाही विचारत?"

"मास्तर नाही म्हनते. बापाच्या दुकानाचं पोराले कोनी खरं सांगत नाही म्हने."

"हे तं खरं हाये. माह्या पोरालेही नाही सांगत." मग त्यांनी सुपारी कातरली. "येऊ द्या त्याले. पन लोक काय बोलले ते तुमच्या कानावर नाही आलं पाह्यजे."

मामाजी हो म्हणून आले.

सरांनी आराखड्यावर सही केली. दीर उन्हाचा सायकलीवर गावोगाव फिरू लागला. एका दुपारी घामानं भिजून आला, पाणी प्यायला आणि मला सांगू लागला, "वयनी, आज एक जन काय म्हनला..." मामाजी ओसरीवरच होते. त्यांनी खाकरून त्याला थांबवलं, जोडे घातले आणि त्या उन्हात अंगणात लिंबाखाली जाऊन उभे राहिले. आमच्याकडे पाठ करून. तिथूनच म्हणाले, "सांग आता तिले. हळू सांग."