त्याचा खोकला

साहेबांना सातपुड्यातल्या पाखरांची ओळख करून घ्यायची होती. वाट दाखवायला तोरणमाळकडचा एक भिल्ल होता, दुभाषा मी, साहेबांचा कारकून. ओळखीची रीत सोपी होती. तो पाखराचं नाव सांगे, साहेब बार काढत, आणि मी ते नाव चिठ्ठीवर लिहून पाखराच्या पायाला बांधी.

"भाऊसाहेब," तो एकदा माझ्याशी अहिराणीत बोलला, "मरेल पाखरू बोलस का? मंग साहेब काय शिकस?"

मेलेलं पाखरू बोलतं का, हे मी साहेबांना कसं विचारणार? मी त्याला गप्प केलं.

तिसऱ्या दिवशी त्याला खोकला लागला. साहेबांनी नेम धरला की हा खोके, आणि पाखरू भुर्र. साहेबांनी औषधाची बाटली दिली. ती त्याने हात जोडून घेतली आणि पुढच्या पाखराला पुन्हा खोकला.

चढणीवर मात्र तो एकदाही खोकत नसे, हे मी हेरलं होतं. इतकी वर्षं कुणापाशी कबूल केलं नाही, पण शाबासकीसाठी साहेबांच्या कानाला लागलो तो मीच. त्यानंतरच्या सकाळी त्याला दूर मागे ठेवलं. सागाच्या ढोलीतून डोकावणारं लहानसं घुबड पहिल्याच बाराला पडलं.

"ह्याचं नाव काय?" साहेबांनी त्याला बोलावून विचारलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि शांतपणे माझं नाव सांगितलं.

साहेब दोन वर्षं मला नुसतं 'कारकून' म्हणत. पाखरांची नावं त्यांना पाठ होती, माझं ठाऊक नव्हतं. मी ते नाव सुवाच्य अक्षरात लिहिलं आणि घुबडाच्या पायाला बांधलं.