न विकलेले शेअर्स

माझी आई शेअर्सचा भाव वर यायची वाट बघत मेली.

आज तिची पुण्यतिथी. भाच्याने, माझ्या भावाच्या मुलाने, फॅमिली ग्रुपवर बाबांचा फोटो टाकलाय. खाली लिहिलंय, ‘खरे लाँग-टर्म इन्व्हेस्टर. मार्केट कोसळलं तरी डगमगले नाहीत.’ सगळ्यांनी लाइकचे अंगठे टाकलेत.

आईचा फोटो नाही. म्हणून मी लिहिते आहे.

गोष्ट पन्नासच्या दशकातली. वडशाला बाबांचा तांदळाचा व्यापार. शिवाय एका कापड गिरणीचे शेअर्स, आईच्या नावावर घेतलेले. बाजार कोसळला, बँकांनी हात आखडले, व्यापार बसला. विकण्यासारखं घरात तेवढंच उरलं, आणि तेही रोज स्वस्त होत होतं.

त्याच वर्षी आईच्या रुमालावर रक्त दिसलं.

नागपूरच्या डॉक्टरांनी क्षयाची इंजेक्शनं सांगितली, सॅनेटोरियम सांगितलं. उशीर करू नका म्हणाले. मी तिथेच कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगमध्ये होते. नन्सनी मला घरी पाठवलं.

आमच्या धानाच्या मुलखात एक नियम आहे. चूल पेटली नाही तरी चालेल, बियाण्याचा धान शिजवायचा नाही. भुकेली पोरंसुद्धा तो मागत नाहीत.

बाबांनी हा नियम शेअर्सना लावला. पडत्या भावात विकणं म्हणजे बियाणं खाणं.

ब्रह्मपुरीहून मामा आला. गिरणी कशी मजबूत आहे, थोडी वर्षं थांबलं की भाव कसा दुप्पट होईल, हे बाबांनी त्याला नीट समजावलं. मामाने सगळं ऐकून घेतलं.

मग म्हणाला, “आन् माह्या बहिणीले बी पुढच्या पावसाळ्यात पेरता का, भाऊजी?”

बाबा उठले. विक्रीचा कागद घेऊन आईच्या खाटेपाशी गेले. तिची सही लागणार होती.

“बियाण्याले हात नका लावू जी,” आई म्हणाली. “पोरीच्या लग्नाले काय उरन मंग?”

मी म्हटलं, मला लग्नच करायचं नाही, तू सही कर.

ती हसली. “कॉन्व्हेंटात हेच शिकवतेत का तुले?”

मग खोकत राहिली.

बाबांनी पेन खिशात ठेवलं. त्यांच्या चेहऱ्यावर सुटका होती. मी दाराशी उभी राहून ती पाहिली.

एरवी भाजी कोणती करायची हेही ते तिला विचारत नसत. त्या दिवशी मात्र तिचा शब्द शेवटचा मानला.

धान कापणीला आला आणि ती गेली.

भाव वाढला, भाचेराव. दुपटीहून जास्त वाढला. त्यावर तुझे वडील शिकले, माझं लग्न झालं. लग्नात आईच्या जागी काकू बसली.

तेव्हा फोटो टाकायचाच असेल तर तिचा टाक. किंमत तिने मोजली.

आई, ते शेअर्स तुझे होते. तुझ्यासाठीच विकायला हवे होते.

तुझ्या लेकीचा तुला नमस्कार.