चौथ्या डब्याचा ब्रेक

माझी आई मारकुटी होती. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्याकडे माणूस गेलं की लगेच त्याला देवमाणूस करायची घाई असते. तिनं शेडच्या फोरमनच्या थोबाडीत दिली होती. दारू पिऊन पायरीला लोंबकळणाऱ्या एका ठेकेदाराचं नाक फोडलं होतं. आणि मला तर ती उठता-बसता बडवायची. दूध उतू गेलं की धपाटा, उलट बोललं की थोबाडीत, न बोलता उभं राहिलं की ‘तोंडात मिठाची गुळणी धरलीस का’ म्हणून आणखी एक. लोखंडी चाक फिरवून घट्टे पडलेला हात होता तो. बसला की कान दिवसभर गुणगुणायचा.

आमच्या डोंगरावर तेव्हा रस्ता नव्हता. होती ती छोटी गाडी, एक म्हातारं इंजिन आणि पाच डबे. बटाटे, रॉकेल, टपाल, मास्तर, बाळंतीण, मयत, सगळं त्याच गाडीनं वर यायचं आणि खाली जायचं. दरवर्षी खालून एक नवा साहेब यायचा, रुळांकडे बघून च्यक् च्यक् करायचा आणि ही लाईन आता बंद करायला हवी म्हणून जायचा. तो गेल्यावर आमच्या साठ घरांत दोन दिवस कुणी मोठ्यानं बोलायचं नाही. गाडी बंद म्हणजे क्वार्टर खाली करा, डोंगर सोडा. आणि आमच्यातल्या कुणालाही गाडीशिवाय दुसरं काही येत नव्हतं.

गाडी वर चढवायचं काम इंजिनाचं, खाली उतरवायचं काम ब्रेकवाल्यांचं. प्रत्येक डब्याला एक उघडा ओटा, ओट्यावर उभ्या दांड्याला लावलेलं चाक आणि चाकापाशी एक माणूस. ड्रायव्हरनं एक लांब शिट्टी दिली की चाक आवळायचं, दोन आखूड दिल्या की ढिलं करायचं. आवळायला उशीर झाला तर डबे इंजिनाला रेटत दरीत नेणार. एका उतारात अशा पन्नास-साठ शिट्ट्या. ही माणसं डोक्यानं ऐकतच नसत, हातानं ऐकायची. सुट्टीच्या दिवशी आई भांडी घासत असली आणि लांबून शिट्टी आली, की हातातलं पातेलं घट्ट धरून थांबायची. पुन्हा दोन शिट्ट्या येईपर्यंत ते पातेलं काही सुटायचं नाही.

वडील दोन डब्यांच्या मध्ये चिरडून गेले तेव्हा मी सात वर्षांची होते. आईला शेडमध्ये झाडलोटीचं काम देऊ केलं. ती म्हणाली, मला त्यांचा ब्रेक द्या. फोरमन हसला, आणि वर सांगितलेली थोबाडीत त्याच दिवशीची. साहेबानं तिला काढून टाकायच्या ऐवजी चाकावर उभं केलं, बहुतेक गंमत बघायला. गंमत वीस वर्षं चालली. चौथ्या डब्याचं चाक एवढी वर्षं तिचंच राहिलं.

माझा नवरा तिनंच निवडला. पाचव्या डब्यावरचा ब्रेकवाला, बिनआईबापाचा, कामाला वाघ. “त्याची शिट्टी कधी चुकत नाही,” एवढीच चौकशी तिनं केली होती. लग्नाला तीन वर्षं झाली आणि तीन वर्षं मी मार खाल्ला. तो झाकलेल्या अंगावर मारायचा. शेजारणींना भिंतीपलीकडून सगळं ऐकू यायचं, पण सगळ्यांनी मूग गिळले होते. आईला मी कधी सांगितलं नाही. खरं सांगायचं तर मला त्यात सांगण्यासारखं काही वाटलंच नाही.

मग त्याची खालच्या शेडला बदली झाली. सोमवारी निघायचं ठरलं. त्याच्या आधीच्या शुक्रवारी, ट्रंक नीट बांधली नाही म्हणून, त्यानं माझं तोंड ट्रंकेच्या कडेवर आपटलं. पुढचे दोन दात गेले. हे काही पदराखाली झाकता येईना.

दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी सुटायच्या आधी आईला जेवणाची पिशवी द्यायला मी फलाटावर गेले. तिनं पिशवी घेतली, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला.

“कुणी केलं?”

मी पाचव्या डब्याकडे बघितलं.

“कधीपासून?”

“लग्नापासून.”

“आणि मला आज सांगतेस? तीन वर्षं तोंड शिवलं होतं का तुझं?”

तिचा हात वर गेला होता. सवयीनंच. मी म्हणाले, “सांगायचं काय त्यात? तूही मारायचीसच की. मला वाटलं, घरचं माणूस मारतंच.”

तो हात तसाच वर राहिला. मग तिनं तो खाली घेतला, पिशवी माझ्याकडे परत दिली आणि म्हणाली, “तू सोमवारी कुठेही जायचं नाहीस. माझ्या खोलीवर जाऊन बस. आतून कडी लाव.” आणि ती ओट्यावर चढली.

पुढचं मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. तिसऱ्या डब्याच्या ब्रेकवाल्याला सगळे दादा म्हणायचे. गाडी वळणावर आली की त्याला वाकून मागचे दोन डबे दिसत, सरळ रुळावर दिसत नसत. त्यानं जे तुकड्या-तुकड्यानं बघितलं ते त्यानं सांगितलं, आणि मधलं पुढे आईकडून कळलं.

चौथ्या डब्याचा ओटा मागच्या टोकाला, पाचव्याचा पुढच्या. म्हणजे सासू आणि जावई रोज समोरासमोर, मध्ये हातभर फट आणि खाली धावणारे रूळ. पहिला उतार संपला, दोन शिट्ट्या झाल्या, आईनं चाक ढिलं केलं. चाकात घालून जोर लावायला एक लाकडी दांडा असतो, तो उपसला आणि ती फट ओलांडून पलीकडे गेली.

“जावईबापू,” ती म्हणाली, “आज तुमची चामडी लोळवते.”

अहो-जाहो तिनं तेव्हाही सोडलं नाही. पहिला दांडा त्याच्या खांद्यावर बसला, दुसरा कानावर. कान फाटला. त्यानंही काही पाहुणचार म्हणून घेतलं नाही. त्यानं तिच्या जबड्यावर ठोसा लगावला आणि केस धरून तिचं डोकं चाकावर आपटलं. तेवढ्यात एक लांब शिट्टी झाली.

दोघं थांबले. आई उडी मारून आपल्या ओट्यावर आली, तो आपल्या चाकाला भिडला. वळणावर दादानं वाकून बघितलं तर दोघं मान खाली घालून ब्रेक आवळताहेत, तिच्या कपाळावरून रक्त वाहतंय, त्याचा कान लोंबतोय, आणि दोघांचे हात अगदी बरोबर एका लयीत. दादाला कळेना, हसावं की देवाचं नाव घ्यावं. स्वतःचं चाक सोडून तोही जाऊ शकत नव्हता. दोन शिट्ट्या झाल्या. दोघांनी चाकं ढिली केली आणि पुन्हा मारामारी सुरू.

असं चार वेळा झालं. ड्रायव्हरच्या शिट्टीवर थांबायचं आणि ड्रायव्हरच्या शिट्टीवरच पुन्हा एकमेकांच्या जिवावर उठायचं. तिसऱ्या वेळी त्यानं तिची दोन बोटं ओट्याच्या कठड्यावर ठेचली. ती वाकडी बोटं मरेपर्यंत तशीच होती. आतल्या उतारूंनी खिडक्या लावून घेतल्या होत्या. त्यांचीही काही चूक नाही.

पुलाच्या वर मोठं वळण आहे. तिथे उतार सगळ्यात जास्त. त्याच्या थोडं आधी आईनं खाली वाकून दांडा त्याच्या गुडघ्यावर घातला. गुडघा आतल्या आत फुटला. तो तिरपा झाला आणि दोन डब्यांच्या मध्ये गेला. आईनं त्याचा हात धरला.

का धरला, असं मी तिला पुष्कळदा विचारलं. ती एवढंच म्हणायची, “हात गेला पुढे.”

तो लोंबकळत होता, पाय रुळांना घासत होते, ती पालथी पडून त्याला धरून होती, आणि तेव्हा लांब शिट्टी झाली. आई हलली नाही. पुन्हा शिट्टी झाली. पुन्हा. पाचातले दोन ब्रेक उघडे, गाडी इंजिनाला ढकलायला लागलेली, दादा ओरडतोय, ड्रायव्हरनं शिट्टीची दोरी सोडलेलीच नाही. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा आईचा हात शिट्टीचं ऐकेना.

“आई, ब्रेक!” तो खालून ओरडला. “अहो ब्रेक घ्या!”

तिनं सोडलं नाही. त्यानं स्वतःची पकड ढिली केली, तरी ती सोडेना. मग त्यानं मान उचलली आणि तिच्या मनगटाचा कडकडून चावा घेतला.

हात सुटला, आई उठली. तिनं चौथा आवळला, उडी मारून पाचवा आवळला. ठेचलेल्या बोटांनी. गाडी थांबली तेव्हा इंजिन पुलावर होतं आणि तो वर, वळणापाशी, रुळांत पडला होता. दोन्ही पाय गुडघ्याखालून तुटले होते.

चौकशी झाली. आईनं सांगितलं, चाक अडकलं म्हणून जावई मदतीला येत होते आणि तोल गेला. त्यानं दवाखान्यातल्या खाटेवरून शब्दाला शब्द तेच सांगितलं. दोघांनी ठरवलेलं नव्हतं. पण चालत्या गाडीवर ब्रेकवाले एकमेकांच्या उरावर बसले होते हे खाली कळलं असतं, तर त्या महिन्यातच लाईनीला कुलूप लागलं असतं. दादा काही बोलला नाही, ड्रायव्हर बोलला नाही, साठ घरांतलं पोरही बोललं नाही. त्याच्या त्या चाव्यानं सत्तर उतारू वाचले. त्यानं माझे दोन दात पाडले. हे दोन्ही खरं आहे, आणि एकानं दुसरं पुसलं जात नाही.

पण वस्तीला ते पटणार थोडंच. पंधरा दिवसांनी फोरमनची बायको चार बायकांना घेऊन आईच्या खोलीवर आली. चहा झाला, हवापाण्याच्या गोष्टी झाल्या.

मग ती मला म्हणाली, “बाई गं, झालं गेलं विसर. एवढ्या माणसांसाठी जीव पणाला लावला त्यानं. आता त्याला कोण आहे? बायकोनंच करायचं असतं.”

मी जाणार होते. मला खरंच वाटत होतं की आता जायलाच हवं. एवढी माणसं वाचवणाऱ्याला एकटं टाकणारी मी कोण? मी पदर सारखा करून उठायच्या बेतात होते.

“ती येणार नाही,” आई म्हणाली.

“मग त्याचं करणार कोण?”

“मी करणार. इथे आणून टाका त्यांना. माझ्या खोलीत.”

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. फोरमनची बायको म्हणाली, “तुम्ही? अहो, तुम्ही तर त्याला...” आणि थांबली. तेवढं बोललं तर सगळंच बोलावं लागलं असतं.

“मी काय?” आई म्हणाली. “सासू आहे मी त्यांची. कुणी काही म्हणायचं असेल तर मला म्हणा. हिच्या वाट्याला कुणी गेलं तर तंगडं मोडीन.”

दुसऱ्या दिवशी त्याला स्ट्रेचरवर आईच्या खोलीत आणलं, आणि त्याच गाडीनं तिनं मला खाली पाठवलं. एका छापखान्यात पुस्तकं बांधायचं काम मिळालं. तिथे मला कुणी मारत नव्हतं. सुरुवातीला तेच मला चुकल्याचुकल्यासारखं वाटायचं, काय सांगू.

सहा वर्षं मी वर गेले नाही. आईच येऊ देत नव्हती. “तू आलीस की लोक पुन्हा सुरू करतील,” असा निरोप यायचा. सातव्या वर्षी मी न कळवता गेले. ती निवृत्त झाली होती, पाठीत वाकली होती. तो भिंतीला टेकून बसला होता, केस पांढरे, अंगावर स्वच्छ सदरा. मला बघून त्यानं नजर वळवली. आईनं त्याला उचलून मोरीत नेलं, अंघोळ घातली, पुसलं, परत आणून बसवलं. सगळं रागाच्या भरात, आदळआपट करत. “जावईबापू, मान इकडे. जावईबापू, हात वर.” मी दारात उभी राहून बघत होते. मला वाईट वाटलं का? नाही. बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाज वाटली.

मग त्याच्या हातून चहाचा कप निसटला. कप फुटला, चहा नव्या चादरीवर सांडला. आईचा हात वर गेला आणि त्यानं कोपर चेहऱ्यासमोर धरलं. डोळे मिटून, मान खांद्यात घालून. अगदी मी धरायचे तसं. त्याच्यासमोरही आणि तिच्यासमोरही.

मी पुढे झाले आणि तिचं मनगट हवेतच धरलं. आयुष्यात पहिल्यांदा. अजूनही तिच्यात इतका जोर होता की एका हिसक्यात तिनं मला भिंतीवर भिरकावलं असतं.

“सोड,” ती म्हणाली.

“आधी खाली घे.”

ती माझ्याकडे बघत राहिली. तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटली, बहुधा शिवी. मग तिचा हात माझ्या हातात सैल झाला आणि हळूहळू खाली आला. ती जमिनीवर बसली आणि कपाचे तुकडे वेचायला लागली.

त्यानं कोपर बाजूला केलं. माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्याच्यासाठी काही केलं होतं.

“तुझ्यासाठी धरला नाही,” मी त्याला सांगितलं, आणि आईच्या शेजारी बसून तुकडे वेचू लागले.