यशवंतच्या गळ्यातला हार

चिपळूणहून एस.टी. सुटली तेव्हा माझ्या पिशवीत इस्त्री केलेला कोट, दोन पदकं आणि रक्तदाबाच्या गोळ्या होत्या. घाटकोपरच्या एका मंडळाने मला सव्वीस जानेवारीला प्रमुख पाहुणा म्हणून बोलावलं होतं. माझा पलटणीतला मित्र यशवंत याचं तिथल्या चौकात नवं स्मारक झालं होतं आणि त्याचं बलिदान डोळ्यांनी पाहिलेला माणूस म्हणून मी चार शब्द बोलायचे होते.

अडचण एवढीच होती, की मी ते पाहिलं नव्हतं. एकाहत्तरच्या लढाईत यशवंत एका संध्याकाळी तुटलेली टेलिफोनची तार जोडायला नदीकडे गेला आणि परत आला नाही. त्याला शोधायला मला पाठवलं. मी अर्ध्या वाटेवरून मागे फिरलो आणि साहेबांना सांगितलं, "पडताना पाहिलं." त्या दोन शब्दांनी बेपत्ता माणूस शहीद झाला. ते शब्द परत घ्यायला मी आता निघालो होतो, कोटाला इस्त्री करून.

मुक्काम अंधेरीला, भाची सुमनकडे. संध्याकाळी ती म्हणाली, "मामा, आमच्याकडेपण आहे ना सोल्जर लोकांचं स्मारक. चला, दाखवते." रस्त्याच्या मधोमध एक गोल बेट होतं. त्यावर सिमेंटची उलटी बंदूक, बंदुकीवर शिरस्त्राण आणि खालून निळा दिवा. दगडावर 'अज्ञात वीरांस' एवढंच कोरलेलं, आणि त्याखाली स्मारकाची कल्पना कोणाची, प्रेरणा कोणाची, सौजन्य कोणाचं, हे सविस्तर. इतक्या ज्ञात मंडळींची नावं मी एका दगडावर पहिल्यांदाच वाचली. मी वाकून वाचत असताना मागून एक तरुणी म्हणाली, "अंकल, जरा साइडला व्हा ना, फ्रेममध्ये येताय." मी बाजूला झालो. अशा वेळी बाजूला होण्याची मला जुनी सवय आहे.

दुसऱ्या दिवशी मेट्रोने घाटकोपर गाठलं. वरून छपरांवरची निळी ताडपत्री, पाण्याच्या टाक्या आणि मधूनच एखादं पिंपळाचं रोप, असं सगळं पळताना दिसत होतं. जिन्याखाली एक उंच, वाकलेले गृहस्थ उभे होते.

"जय भीम, भाऊ. मी भिकाजी. कौसल्याचा मालक." मग जरा थांबून म्हणाले, "दुसरा."

कौसल्या म्हणजे यशवंतची बायको. तिने पुढे लग्न केल्याचं मला कळलं होतं. भिकाजी मला आधी खाऊगल्लीत घेऊन गेले आणि नको म्हणत असताना मसाला डोसा खायला घातला. डोशात चीज होतं, बीट होतं, आणखी काय होतं ते समजलं नाही.

"नव्याच्या आधी चौकात साधा दगड होता ना," ते सांगू लागले, "तो मीच धुवायचो. लोक टर उडवायचे. बायकोच्या पहिल्या नवऱ्याला आंघोळ घालतो म्हणायचे. मी म्हटलं, तुम्ही घालता का? नाही ना? मग गप बसा."

घरी भिंतीवर बुद्धाच्या तसबिरीशेजारी यशवंतचा गणवेशातला फोटो होता. फोटोला हार नव्हता. मी विचारलं.

"लग्नाच्या आधी यांनीच अट घातली," चुलीसारख्या तापलेल्या त्या स्वयंपाकघरातून कौसल्यावहिनी म्हणाल्या. "फोटो राहील, पण हार नाही."

"हार घातला की माणूस संपला," भिकाजी म्हणाले. "आपण काय बघितलंय? बघितलं तुम्ही. तुमच्या शब्दावर तर आमचं लग्न झालं, भाऊ."

मी हे सगळं फक्त माईकवर बोलायचं ठरवलं होतं. माईक उत्तर मागत नाही. पण समोर ज्वारीची भाकरी आणि ठेचा आला. मी सांगून टाकलं.

भिकाजी फोटोकडे बघत राहिले. "म्हणजे तो येऊ शकला असता?"

"मला माहीत नाही."

"का बोललात तसं, भावोजी?" वहिनींनी विचारलं.

"तुमचं वय लहान होतं, वहिनी. तुमचं आयुष्य वाट बघण्यात जाईल असं वाटलं."

"तुम्ही मला तेव्हा कुठे पाहिलं होतं? लग्नाला तरी आला होतात का?"

नव्हतो. हे कारण मी पुढे कधीतरी तयार केलं होतं आणि इतकी वर्षं वापरत होतो.

"भीती वाटली," मी म्हणालो. "अंधार पडत होता. परत शोधायला पाठवतील म्हणून बोललो."

"मग तसं म्हणा." त्यांनी भाकरी उलटली. "उद्या जेवढं पाहिलंत, तेवढंच बोला."

"अगं, मंडळाची वाट लागेल!" भिकाजी म्हणाले.

"लागू दे."

मग ते हळूच म्हणाले, "तो आला असता, तर मी काय केलं असतं गं?"

"चहा दिला असता. आणखी काय करणार होता?"

सव्वीस तारखेला चौकात झेंडा झाला. ग्रॅनाइटवर कोरलेल्या यशवंतला झेंडूचा जाड हार घातला, तसलाच मला घातला. मी बोललो: तो तार घेऊन जाताना मी पाहिला, पडताना पाहिला नाही, मी अर्ध्यावरून परतलो. टाळ्या झाल्या. मंडळाच्या शेखरने माईक घेतला. "वा! ऐकलंत? शेवटपर्यंत कर्तव्य! शहीद यशवंत..." लोक म्हणाले, "अमर रहे!"

खाली उतरल्यावर मी त्याला गाठलं. "शेखर, दगडावर 'शहीद यशवंत चौक' आहे ना, तिथे शहीदच्या जागी 'बेपत्ता' लिहा."

"काका, ग्रॅनाइट आहे ओ, खोडायचं कसं? आणि बेपत्ता चौक म्हटलं तर रिक्षावाला कुठे नेऊन सोडेल?"

खुर्च्या उचलल्यावर कौसल्यावहिनी आल्या. भिकाजींनी स्टूल धरलं. त्या सावकाश वर चढल्या आणि दगडावरचा हार काढला.

"जुन्या दगडावरचाही दर वर्षी काढायची," भिकाजी म्हणाले.

मीही गळ्यातला हार काढू लागलो. "तुमचा असू द्या," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही दिसताय समोर."

चिपळूणला घरी पोचलो. आमच्या ओटीवर यशवंतचा फोटो आहे. लढाईहून आल्यावर मीच लावला होता, चंदनाच्या हारासकट. माझ्या शब्दाला घरात तो हार तेवढा साक्षीदार होता. कोटसुद्धा न काढता मी स्टुलावर चढलो आणि हार उतरवला. काचेवर धूळ होती. हाराखाली तेवढी स्वच्छ कमान राहिली होती.

सून दारात आली. "बाबा, हार तुटला का?"

"नाही. यशवंत बेपत्ता आहे."

"कधीपासून?" तिने घाबरून विचारलं.

"आपल्याकडे," मी म्हणालो, "आजपासून."