उत्तरेश्वरांनी लिहून ठेवलेले आकडे

सतरा एप्रिल, गुरुवार. सकाळचे दहा वाजून चाळीस मिनिटे झाली होती आणि वैष्णवीच्या टीव्हीवर काळोखाशिवाय काही दिसत नव्हते. मधोमध एक करडी पाटी तेवढी तरंगत होती: मोड नॉट सपोर्टेड.

परीक्षा अकराला होती, संस्थेच्या संगणकखोलीत, संगणकावरच. सव्वाअकरापर्यंत जो आपला क्रमांक टाकून आत शिरणार नाही, त्याचे नाव त्या सत्रातून वगळायचे, असा संस्थेचा नियम. पुढची परीक्षा थेट नोव्हेंबरात. वैष्णवीला दोन्ही डोळ्यांनी फार थोडे दिसते. संगणकखोलीतल्या सतरा इंची पडद्यावर अक्षर तिला वाचता येईल इतके मोठे केले, की ओळीत दोनच शब्द मावतात. तीन तासांचा ग्रंथालयशास्त्राचा पेपर असा दोन-दोन शब्दांनी वाचून होण्यासारखा नव्हता. म्हणून घरचा बत्तीस इंची टीव्ही जोडायची परवानगी तिने मागितली होती. ती मिळाली बुधवारी संध्याकाळी, आणि गुरुवारी सकाळी तिचे वडील सुखदेव तो टीव्ही रिक्षात मांडीवर धरून कोथरूडहून शनिवार पेठेत घेऊन आले.

संगणकखोली सांभाळणाऱ्या उत्तरेश्वरांनी फोनवर सांगितले होते, की जोडायला पाच मिनिटे लागतील.

उत्तरेश्वर मूळचे बार्शीचे. खोलीतल्या बाराही संगणकांवर त्यांनी लिनक्स ही सर्वांना खुली असलेली प्रणाली बसवली होती आणि जुनी यंत्रे त्यांच्या हाताखाली निमूट चालत होती. त्यांचा एक हट्ट मात्र सगळ्यांना ठाऊक होता. पडदा किती रुंद, किती उंच, सेकंदाला किती वेळा चित्र काढायचे, हे आकडे ते स्वतः एका फाइलमध्ये लिहीत. आता पडदा आपली माहिती वायरीतून आपणच सांगतो, संगणकाने ती विचारून घ्यायची असते, असे नव्या मुलांनी त्यांना अनेकदा ऐकवले होते. त्यावर उत्तरेश्वर म्हणत, की यंत्राने यंत्राला विचारल्यावर काय होते ते आपण पाहिले आहे.

त्यांनी ते खरोखरच पाहिले होते. नव्याण्णव साली कसबा पेठेतल्या एका छापखान्यात त्यांनी मॉनिटर ओळखायचे काम संगणकावर सोपवले. संगणकाचा अंदाज चुकला. काचेचा तो जाडजूड मॉनिटर शीळ घातल्यासारखा ओरडला आणि जळका वास सोडून कायमचा गेला. मालकांनी मॉनिटरवर फक्त एक टॉवेल टाकला. उत्तरेश्वरांना तो टॉवेल अजून दिसतो.

आता त्यांनी वायर बदलली, मग टीव्ही शेजारच्या संगणकाला लावून पाहिला. तीच पाटी. बाकीचे परीक्षार्थी येऊन बसू लागले. पर्यवेक्षिका मंदाकिनीबाई दोनदा फेरी मारून गेल्या आणि तिसऱ्यांदा थांबल्या.

"अहो उत्तरेश्वर, पाच मिनिटांची व्याख्या बदलली का?"

उत्तरेश्वरांनी संगणक पुन्हा सुरू केला आणि टेबलाखाली वाकून वायरीचे टोक चाचपू लागले.

"काका," वैष्णवी खुर्चीवरून म्हणाली, "सुरू होताना पांढरी अक्षरं येतात. मघाशी पण आली होती. मग जातात."

ते थबकले. त्यांनी बटण दाबून पुन्हा सुरुवात केली आणि या वेळी नजर वायरीवर न ठेवता टीव्हीवर ठेवली. खरेच, पांढऱ्या ओळी काठापासून काठापर्यंत स्वच्छ उमटल्या आणि चित्राची पाळी येताच विझल्या. म्हणजे टीव्हीने आपली माहिती दिली होती, संगणकाने ती ऐकलीही होती. त्यानंतर उत्तरेश्वरांची फाइल उघडत होती आणि सेकंदाला पंचाहत्तर वेळा चित्र काढ म्हणून सांगत होती. टीव्हीला ते झेपत नव्हते.

अकरा वाजून एक मिनिट. घंटा होऊन गेली होती. त्यांनी नुसती पांढरी अक्षरे दिसणाऱ्या पडद्यावर जाऊन फाइल पुसायचा हुकूम दिला. नकार. मुख्य पासवर्ड टाकून पुन्हा दिला. पुन्हा नकार. मग आठवले: तीन वर्षांपूर्वी काही मुलांनी गंमत म्हणून आकडे बदलले होते, तेव्हा त्यांनी बाराही फाइलींवर असे कुलूप घातले होते, की त्यांच्या स्वतःच्या हातूनही त्या चुकून पुसल्या जाऊ नयेत. ते कसे काढायचे, हे मात्र आठवेना. संगणकातलीच मदतीची पाने वाचून कुलूप निघाले तेव्हा अकरा वाजून आठ मिनिटे झाली होती.

आता एकच कळ दाबायची होती आणि त्यांचे बोट उतरेना. या टीव्हीचे आकडे त्यांच्याकडे नव्हते. फाइल गेली, की सगळे यंत्रांच्या आपसातल्या बोलण्यावर.

"वैष्णवी, तुला सांगून ठेवतो," ते हळू म्हणाले. "याचा अंदाज चुकला तर तुमचा टीव्ही जाऊ शकतो."

"टीव्ही गेला तर बाबा बातम्या मोबाइलवर बघतील," ती म्हणाली. "पेपर गेला तर मी काय बघू?"

दारात उभ्या सुखदेवांनी मान डोलावली. उत्तरेश्वरांनी कळ दाबली.

टीव्ही काळा झाला. ते नकळत वाकले आणि त्याच्या मागच्या जाळीशी नाक नेऊन हुंगू लागले. कसलाच वास नव्हता. मंदाकिनीबाईंनी हजेरीचा कागद उलटला आणि पेनाचे टोपण काढले. मग पडदा एकदम निळा उजळला, कडेपासून कडेपर्यंत, कुठे वाकडा नाही की थरथरता नाही.

अकरा वाजून तेरा मिनिटांनी वैष्णवीने आपला क्रमांक टाकला. उत्तरेश्वर तिच्या खुर्चीची पाठ धरून उभेच होते. आपण तिथे थांबायचे नाही, हे त्यांच्या लक्षातच आले नाही. पहिला प्रश्न आला. तिने चेहरा टीव्हीजवळ नेला आणि ती अख्खी ओळ एका दमात मोठ्याने वाचून गेली.

"मनात वाचा," मंदाकिनीबाई म्हणाल्या.