पुसलेली खाच

आमच्या विभागप्रमुखांनी पडद्यावरच्या आलेखातली एक खाच माऊसने पुसून टाकली, तीही डाव्या हातात चहाचा कप धरून. आलेख मँगनीज सल्फाइट या क्षाराच्या अवरक्त (इन्फ्रारेड) तपासणीचा होता. त्याची बाटली सरांनी सकाळीच उघडी टाकली होती. दमट हवेत थोड्या सल्फाइटचं सल्फेट झालं आणि अवरक्त किरणांनी ते त्या खाचेतून इमानाने दाखवलं.

"ओलाव्याची आहे हो ती. छापताना काढून टाकायची असते," सर मला म्हणाले. ओलाव्याची खाच पार दुसऱ्या टोकाला येते, हे आमची पहिल्या वर्षाची पोरंही सांगतात.

हवेत राहून बदलणं हा त्या बिचाऱ्या क्षाराचा स्वभाव आहे. माणूसही बदलतो, खुर्ची मिळाल्यावर तर जरा जास्तच. पण क्षार प्रकाशात धरला की आपला बदल कबूल करतो. सरांसारखी माणसं प्रकाशालाच दुरुस्त करत बसतात.

"नमुना नव्याने करू या का?" मी विचारलं.

"कशाला? आता बघा किती देखणा दिसतोय."

टेबलावरची बाटली अजून उघडीच होती. उद्या सरांना पुसायला आणखी खोल खाच मिळणार होती.