केरीहून आणलेलं मशीन

बाबा खाणीवरचा ट्रक चालवायचे. डिचोलीकडची खनिजाची लाल माती भरायची आणि आमोण्याच्या धक्क्यावर, नदीतून माल नेणाऱ्या बार्जीपाशी नेऊन ओतायची, हेच त्यांचं आयुष्य. खाणी बंद पडल्या आणि आमचा ट्रक दारातल्या फणसाखाली उभा राहिला. नुसतं बसून राहणं बाबांना जमणारं नव्हतं. एका सकाळी त्यांनी ट्रकची फाटकी सीट उतरवली, बाजारातून रेग्झिन आणलं आणि दाभण घेऊन ओसरीवर शिवायला बसले. मी तेव्हा शिवणक्लास संपवून घरीच ब्लाउज शिवत होते. त्यांचे ते एकेक बोटभर टाके बघून मला हसू आलं.

"द्या इकडे," मी म्हटलं. "निदान कापून तरी मी देते."

तिथून आमचं काम सुरू झालं. आधी आमचा ट्रक, मग शेजाऱ्यांचा, मग गावातली मिनीबस. मी मापं घ्यायची आणि कापायची, बाबा सांगाड्यावर ओढून ताणून बसवायचे. घोडं अडायचं शिवताना. माझं मशीन ब्लाउजच्या कापडापुरतं. रेग्झिनचे दोन पदर आणि खाली फोम दिला की ते कण्हायला लागायचं. खालचा पदर पुढे सरकायचा, वरचा मागे राहायचा, आणि सरळ धरलेली शिवण शेवटाला वाकडी निघायची.

मोठं मशीन घ्यायचं ठरलं, जुनं का होईना. पहिल्यांदा आम्ही म्हापशाला एका दुकानात गेलो. तिथे हिरवा रंग मारलेलं एक मशीन मला पाहताक्षणी आवडलं. दुकानदाराने ते सुरू केलं. बाबांनी डोळे मिटले. ट्रकचं इंजिन ऐकताना ते असेच उभे राहायचे. मग त्यांनी मोटर बंद करायला लावून चाक हाताने हळूहळू फिरवलं, आणि एका जागी थांबले.

"इथे अडखळतंय," ते म्हणाले. "रंग बरा आहे, पण आतून झिजलंय."

परतीच्या वाटेवर मी खिडकीकडे तोंड करून बसले. मला तो हिरवा रंग हवा होता.

मग एका बसड्रायव्हरने केरीचा पत्ता सांगितला. सत्तरी तालुक्यातली नव्हे, पेडण्याची केरी, तेरेखोलच्या अलीकडची. तिथे एक म्हातारे गृहस्थ होड्यांवरची ताडपत्री आणि किनाऱ्यावरच्या शॅकमधल्या गाद्या शिवायचे. आता त्यांनी काम सोडलं होतं. शेजाऱ्याची पिकअप घेऊन आम्ही निघालो.

त्यांचं घर सुरूच्या झाडांच्या मागे होतं. नवराबायको दोघंच. बाहेर व्हरांड्यात, जुन्या चादरीखाली, मशीन झाकून ठेवलेलं होतं. त्यांनी चादर काढली. रंग जागोजागी उडालेला, पण कुठे गंज नाही, आणि तेलाचा ताजा वास.

"बस गो बाय," ते मला म्हणाले. "हॉटेलवाले आयले होते. वर काच घालून टेबल करतले म्हणे. मी म्हटलं, अजून ता शिवता मरे."

त्या मशीनमध्ये सुई आणि कापड वरून धरणारा दाब, दोन्ही कापडाबरोबर पुढे सरकतात, म्हणून कितीही पदर दिले तरी ते एकमेकांवरून घसरत नाहीत. हे मी ऐकून होते, बघितलं नव्हतं. बाबांनी चाक फिरवलं. ते लोण्यासारखं फिरलं. मी घरून आणलेला रेग्झिनचा तुकडा फोमवर ठेवला आणि पाय दाबला.

चार टाके पडले, दोन सुटले. पुन्हा पाच पडले, पुन्हा सुटले.

म्हाताऱ्यांचा चेहरा उतरला. "काल तर बरा चालत होता," ते म्हणाले. दाराशी उभ्या असलेल्या त्यांच्या बायकोने पदर तोंडाशी धरला. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. चल, निघूया, असा त्या पाहण्याचा अर्थ होता.

मी खाली वाकून सुई बघितली. घरच्या मशीनच्या सुईची एक बाजू चपटी असते, त्यामुळे ती उलटी बसतच नाही. या मोठ्या मशीनची सुई वर गोल असते, कशीही बसते. तिच्या अंगावरची खाच दोरा जिथून येतो त्या बाजूला यावी लागते. इथे ती बरोबर उलट्या बाजूला होती. शेजारी सुयांचं नवं पाकीट फोडलेलं पडलं होतं. आम्ही येणार म्हणून त्यांनी मुद्दाम सकाळी नवी सुई घातली होती, आणि ती खाच काही त्यांना दिसली नव्हती.

जन्मभर याच मशीनवर बसलेल्या माणसाला, त्याच्या बायकोसमोर, हे कसं सांगायचं? मी पाकीट उचललं.

"काका, आमचं रेग्झिन जाड आहे. याच्याहून जाड सुई लागेल. बदलून बघू?"

"बघ," ते म्हणाले.

मी सुई बदलली, खाच नीट जागेवर आणली, आणि पाय दाबला. तुकडा संपेपर्यंत एक टाका सुटला नाही. बाबांनी डोळे मिटले होते. उघडले तेव्हा ते हसत होते. खाणी बंद झाल्यापासून मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं.

व्यवहार ठरला, आणि काकींनी आम्हाला चहा आणि उंडे पाव दिले. मशीनचं वरचं डोकं वेगळं करून, गोणपाटात गुंडाळून आम्ही पिकअपमध्ये ठेवलं. बाबा दोर बांधत होते तेव्हा म्हातारे माझ्याजवळ आले.

"बाय, सुई उलटी होती, न्हय?"

"जरा फिरली होती," मी म्हटलं.

"सुई फिरना. माझे डोळे फिरले." त्यांनी मशीनवरचं गोणपाट नीट ओढून घेतलं. मग म्हणाले, "उद्या हॉटेलवाल्यांक सांगतां, मशीन कामाक गेलां म्हणून." आणि आत जाऊन त्यांनी तेलाची बुधली आणि बॉबिनांनी भरलेला बिस्किटांचा डबा आणून माझ्या हातात ठेवला.

त्या मशीनवर आम्ही काय काय शिवलं! बसच्या सीटा, दवाखान्यातले बाक, लग्नाच्या हॉलमधले सोफे, एकदा तर देवळातल्या पालखीची गादी. बाबा आम्ही शिवलेल्या बसमधून जाताना हमखास उभं राहणाऱ्याला बोलावून शेजारी बसवायचे. "बस रे, सीट चांगली आहे," म्हणायचे, पण कोणी शिवली ते सांगायचे नाहीत. पुढे काही खाणी सुरू झाल्या तेव्हा त्यांना बोलावणं आलं. त्यांनी ट्रक पुतण्याच्या हवाली केला आणि सीटच्या कडांना लावायच्या पायपिंगच्या पट्ट्या कापत बसले.

आता बाबा नाहीत. डिचोलीच्या बाजारात माझं दुकान आहे, आणि बेळगावकडच्या दोघी माझ्याबरोबर काम करतात. दुपारी बाजार शांत होतो, त्या दोघी डबा उघडतात, आणि मी केरीच्या मशीनची मोटर बंद करून चाक नुसतं हाताने फिरवत बसते.